अंगठाबहाद्दर व्हा: जलद ब्लूज गिटारचा प्रथम पाठ

बोटांनी गिटार छेडून वेगवान ब्लूज वाजवण्याची विद्या ज्यांना त्वरित हस्तगत करायची आहे, अशा पन्नाशीच्या अलीकडल्या-पलीकडल्या जिज्ञासूंसाठी हे मार्गदर्शन सिद्ध केले आहे. प्रस्तुत लेखकाचा या विषयातील व्यासंग १४ महिन्यांचा असून आजमितीस त्यास एक गाणे येते. तेही पूर्ण नाही.

नियम पहिला. आदर्श जपून निवडावा. प्रस्तुत लेखकाने ब्लाइंड ब्लेक निवडला आणि तिथेच घात झाला. या अंध कलावंताने १९२६ ते १९३२ या काळात पॅरामाउंट कंपनीसाठी सुमारे ८० गाणी ध्वनिमुद्रित केली. कंपनीचे मालक मुळात विस्कॉन्सिनमधले खुर्च्या बनवणारे. त्यांनी ग्रामोफोनची लाकडी कपाटं करायला घेतली, आणि कपाटं खपायची तर त्यांत वाजवायला काहीतरी हवंच, म्हणून तबकड्या काढल्या. त्या तबकड्या कढईत मोहरी टाकल्यासारख्या तडतडतात. पण त्या तडतडीच्या मागे एक माणूस एका गिटारवर अख्खा पियानो वाजवत असतो. त्याचा अंगठा एका खालच्या स्वरावरून दुसऱ्यावर असा घसरतो की ठोका पडायच्या आत तो तिथे पोचलेला असतो. ब्लेकचा एकच फोटो आज उपलब्ध आहे. त्यात तो सुटाबुटात गिटार घेऊन बसलाय आणि गालातल्या गालात हसतोय. मी तो फोटो सरावाच्या खुर्चीसमोर लावला होता. आता काढला आहे.

नियम दुसरा. अंगठ्यास शरण जावे. हाच या शास्त्राचा गाभा, म्हणून येथे थोडा विस्तार आवश्यक आहे. लोकांना वाटतं, वेग बोटांत असतो. नसतो. अंगठा म्हणजे कायम नोकरीतला सरकारी कर्मचारी: चारही मात्रांवर हजेरी लावणार, ना रजा, ना बढती. ई कॉर्डला सहावी तार, मग चौथी, पुन्हा सहावी, पुन्हा चौथी. बोटं कंत्राटी. ती वरच्या तारांवर उशिरा येतात, मध्येच घुसतात, लवकर निघून जातात, आणि टाळ्या त्यांनाच मिळतात. अडचण अशी की बोटं उशिरा आली की माझा अंगठाही माणुसकीने थांबतो. हा माणुसकीचा रोग बरा होईपर्यंत वरच्या तारांना हात लावू नये. सलग आठवडाभर नुसता अंगठा वाजवावा. तळहाताची कड घोडीजवळ जाड तारांवर हलकीच टेकवावी, म्हणजे स्वर दबून ठक-ठक असा येतो आणि शेजारधर्मही पाळला जातो.

आपल्याकडे अंगठा एकलव्याने गुरूला कापून दिला आणि पुढे निरक्षरांनी शाईत बुडवला, त्यामुळे त्या अवयवाला फारशी प्रतिष्ठा उरलेली नाही. रेव्हरंड गॅरी डेव्हिस मात्र सगळं वादन अंगठा आणि तर्जनी या दोघांतच उरकत. तेही अंध, शिवाय धर्मोपदेशक. हार्लेमच्या रस्त्यावर उभं राहून वाजवत, आणि उतारवयात पोरंटोरं त्यांच्या घरी शिकायला येत. दोन बोटांत सगळं भागतं हे कळल्यावर मला प्रथम हुरूप आला. नंतर लक्षात आलं की उरलेली तीन बोटं ही सबब होती, आणि तीही गेली.

नियम तिसरा. खरेदीने वेग वाढत नाही. (अंगठ्यात घालायचे पिक ६, कॅपो ३, मेट्रोनोम २. घरी बोलू नये.) प्लास्टिकचं पिक अंगठ्याला घट्ट झालं तर गरम पाण्यात बुडवून थोडं फाकवावं. चहाच्या पाण्यात नव्हे.

नियम चौथा. नखे. उजव्या हाताची वाढवावीत, डाव्या हाताची मुळापर्यंत कापावीत. कचेरीत कोणी विचारल्यास विषय बदलावा.

नियम पाचवा. लय लंगडी असावी. दोन स्वरांच्या जोडीत पहिला लांब, दुसरा आखूड, असं पुस्तकांत लिहिलेलं असतं आणि ते वाचून कुणालाही काही समजत नाही. एका पायात बूट, दुसऱ्यात सपात घालून घरभर चालावं, म्हणजे समजतं. मी चाललो. आतून आवाज आला, "अहो, पायाला काय झालं?" म्हटलं, "ब्लूज." ती आयोडेक्स घेऊन आली.

नियम सहावा. वेग वाढवायचा असेल तर वेग कमी करावा. हे मला नवव्या वर्षीच तबल्याच्या सरांनी सांगितलं होतं: आधी ठाय लयीत हात बसव, मग दुगुन आपोआप येते. दुगुन यायच्या आत मी तबला सोडला. आता मेट्रोनोम ६० वर ठेवून बसतो, तेव्हा सर आठवतात. ते मांडीवर ताल धरून डोळे मिटत आणि माझी मात्रा चुकली की नुसती एक भुवई उचलत. मेट्रोनोमला भुवई नाही. तेवढाच त्याच्यात दोष. एकही चूक न होता पाच वेळा वाजलं, तर ६४ करावं. माझं सध्या ७२ आहे. ब्लेक कितीवर वाजवतो ते मी एकदा मोजलं होतं. परत मोजणार नाही.

नियम सातवा आणि सर्वांत दुर्लक्षित. सुरुवातीपासून सुरुवात करू नये. ब्लूजचं आवर्तन बारा बारचं. पहिले आठ बार ई आणि ए या ओळखीच्या गल्ल्यांत सुखाने जातात. नवव्या बारला बी सेव्हन येते. तिथे मधलं बोट पाचव्या तारेवरून उचलून सहावीवर न्यायचं, परत आणायचं, बाकीची तीन बोटं जागची हलू द्यायची नाहीत, आणि वर अंगठा थांबता कामा नये. मी १४ महिने रोज तिथे अडखळलो, आणि रोज पुन्हा पहिल्यापासून निघालो. त्यामुळे पहिले आठ बार उत्तम बसलेत आणि नववा जसाच्या तसा आहे.

मागल्या महिन्यात खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. मी गिटार बाजूला ठेवून माफीच मागायला लागलो. त्या म्हणाल्या, "आवाजाचं नाही हो. पण तुम्ही रोज तिथवर येता आणि थांबता. पुढचं कधी तरी वाजवा. मला रात्री झोप लागत नाही, पुढे काय होतं म्हणून."

तेव्हापासून मी फक्त नववा बार वाजवतो. नववा, पुन्हा नववा, पुन्हा नववा. काल जिन्यात काकू भेटल्या. म्हणाल्या, "आणि ते आधीचं चांगलं होतं, ते का हो बंद केलंत?"