स्टँड गेटजवळच हवा!

"काकू, मेथी निवडून झाली असेल तर जरा भिंतीशी या ना. सोसायटीच्या रात्रीच्या मीटिंगचं कळलं का?"

"न कळायला काय झालं! तुझे काका आले तेच फणफणत. सायकल स्टँडवरून प्रमुख आणि मास्तरांची जुंपली म्हणे."

"अशी जुंपली की विचारू नका. मास्तर म्हणाले, गेटजवळची दोन मोटारींची जागा द्या, तिथं वीस सायकली मावतील. प्रमुख हसले. म्हणे, दिंडोलीत आता सायकल चालवतं कोण? झालं, मास्तर बोटांवर मोजायलाच लागले. आठ नंबरचे भाऊ, पांडेसऱ्याच्या मिलमध्ये जातात ते. वरच्या खोलीतले दोघे ओडिया लूमवाले. पोळ्या करायला येणारी मावशी. शिवाय नववी-दहावीच्या पोरी. त्यातल्या कितीतरी जणींना सरस्वती साधना योजनेतून सरकारनंच सायकल दिली आहे. ती ठेवायची कुठं, तर जिन्याखाली. सकाळी एक ओढली की चार आडव्या!"

"आणि त्यातली एक माझ्या स्कूटरवर. ओरखडा अजून तसाच आहे बघ. पण मला सांग, मास्तरांना यातून मिळतं काय? पेन्शन आहे, गुडघे धड आहेत, खुशाल अमळनेरला जाऊन शेती बघावी."

"मिळतं कसलं! पदरचेच जातात. परवा संध्याकाळी पाळी बदलायच्या वेळेला रस्त्यावर उभे होते, हातात रेडियमच्या पट्ट्या आणि कात्री. येणाऱ्या-जाणाऱ्याची सायकल थांबवायची, मागचं मडगार्ड फडक्यानं पुसायचं आणि पट्टी चिकटवायची. बारा तास लूमवर उभा राहिलेला माणूस, त्याला घरी जायची घाई. एकानं तर विचारलं, 'काका, कितीचं चलान?' त्याला वाटलं दंडच आहे."

"वेडा माणूस."

"वेडा कसला? अंधारात मागच्या ट्रकवाल्याला तेवढीच पट्टी दिसते हो. आणि असे वेडे जगभर आहेत. ॲमस्टरडॅमला 2016 साली सायकलचा मेयरच नेमला, एक बाई होत्या. बिनपगारी काम. लोकांनी शाळेला, बाजाराला, कामाला सायकलनं जावं म्हणून महापालिकेच्या मागं लागायचं. आपल्या देशातली पहिली अशी मेयर कुठली माहीत आहे? शेजारच्या बडोद्याची, तीही मुलगीच. 2017 साली. पुढं आपल्या सुरतेलाही असा मेयर मिळाला."

"अगं बाई! म्हणजे तो हार घालून फिरणारा मेयर वेगळा आणि हा घाम गाळणारा वेगळा."

"तसंच म्हणा. आणि आपली सुरतही काही मागं नाही बरं. कोरोनात केंद्र सरकारनं शहरांची सायकल स्पर्धा लावली होती. 2021 मध्ये 11 शहरं निवडली, प्रत्येकाला एक-एक कोटी. त्यात सुरत होती, बडोदा, राजकोट होतं, महाराष्ट्रातलं नागपूर आणि पिंपरी-चिंचवडही होतं. पुणं नव्हतं!"

"पुणं नाही? माझ्या नणंदेला फोन करून सांगते आजच. सायकलींचं शहर, सायकलींचं शहर म्हणून कान किटवले होते तिनं. पण कोटी मिळाले तर चालवायला जागा कुठं आहे गं? जिथं ट्रॅक आखलाय तिथं गाड्या उभ्या, नाहीतर लोचोची लारी. त्यात मेट्रोचं खोदकाम."

"गाड्या लावणारे आपलेच ना? लोचो खायला थांबणारेही आपणच. मास्तरांचं म्हणणं तेच, की ट्रॅक महापालिका करील, पण तो मोकळा ठेवायला तर कुणी अमेरिकेहून येणार नाही. आणि रविवारच्या सायकल रॅलीला तर ते जातच नाहीत."

"ते कसं काय? टोपी, टी-शर्ट, नाश्ता, सगळं फुकट असतं की."

"तेच तर. पहाटे वेसूकडून डुमसपर्यंत जायचं, फोटो काढायचा, की सायकल मोटारीच्या टपावर चढवून घरी. सोमवारी पाव किलो साखर आणायला पुन्हा ॲक्टिव्हा. मला तरी त्या रॅलीपेक्षा मास्तर मैदानावर सायकल शिकवतात ते बरं वाटतं. रॅलीला येणाऱ्याला सायकल येतच असते हो. न येणाऱ्याचं काय?"

"माझ्या सुनेला तिथंच आली की. लग्नाला अकरा वर्षं झाली, मुलगा पाचवीत, आणि ही म्हणते, मला सायकल शिकायची आहे! मला वाटलं हात-पाय मोडून घेते. गेले एकदा मागून बघायला. मास्तरांनी काय करावं? आधी सीट खाली घेतली, दोन्ही पाय जमिनीला टेकतील एवढी. मग पाना घेऊन दोन्ही पायडलं चक्क काढून टाकली! डावं पायडल उलट्या आट्याचं असतं म्हणे, ते उलटं फिरवावं लागतं. मी म्हटलं, आता ही सायकल चालणार कशी? तर नुसतं बसून पायानं ढकलत जायचं. तोल सापडला की पाय आपोआप उचलले जातात. त्यानंतर पायडलं बसवायची. चाकाकडे बघू नकोस, लांब लिंबाकडे बघ, एवढंच बोलायचे. ना कुणी सीट धरून मागं पळायचं, ना आरडाओरडा."

"आणि आता?"

"आता सुमूलचं दूध तीच आणते. मुलाला शाळेतही सोडते कॅरियरवर बसवून. सलवारीला चेनचं काळं लागतं म्हणून कुरकुर करत होती, तर मास्तरांनी जुन्या गाडीचं चेनकव्हर आणून बसवून दिलं. मी सांगते, दूध आणायला रिक्षाला हाका मारायच्या बंद झाल्या, तेवढंच पुष्कळ. आता तिला नवीन लेडीज सायकल हवी आहे. जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आलाय, हेही मलाच ऐकवते."

"मग काकू, तुमच्या घरात सायकल, आणि काका रात्री प्रमुखांच्या बाजूनं बोलत होते!"

"काय सांगतेस! हे नाही बोलले घरी. 'जुंपली' एवढंच सांगितलं."

"म्हणाले, मोटारीची जागा कमी झाली तर पाहुण्यांनी गाडी कुठं लावायची?"

"पाहुणे! वर्षातून दोनदा येतात, ते पण उधन्याला रेल्वेनं उतरून. थांब, जेवायला बसू देत, बघते मी."

"बघाच. प्रमुखांनी रविवारी पुन्हा मीटिंग ठेवली आहे, हात वर करून निकाल. बायका येत नाहीत म्हणून पुरुषांचंच खरं होतं. मी मावशीलाही सांगितलंय, सायकल तिची आहे, तिनंही यावं. तुम्ही सुनेला घेऊन या, पुढच्या खुर्चीवर बसा, आणि काकांकडे न बघता हात वर करा."