भट्टीवाले

पूर्वी प्रत्येक सोसायटीत कोणीतरी हार्मोनियम शिकायचं, नाहीतर होमिओपॅथीच्या गोळ्या वाटायचं. आता पुण्यात, विशेषतः पगार बरा आणि गुडघे अजून शाबूत अशा पंचेचाळिशीच्या पुरुषांत, घरी कॉफी भाजणाऱ्यांची नवी जात निघाली आहे. आमच्या कोथरूडच्या इमारतीतल्या नमुन्याला सगळे भट्टीवाले म्हणतात. दारावरच्या पाटीवर आडनाव वेगळं आहे, पण वॉचमन कुरिअरवाल्याला "भट्टीवाल्यांचं ना? तिसरा मजला" असंच सांगतो.

पार्सलात चिकमगळूरच्या हिरव्या बिया असतात. नावं सिलेक्शन 9, एस. 795 अशी, म्हणजे सरकारी ठरावाला शोभतील अशी. कच्च्या बीला कॉफीचा वास नसतो, ओल्या गवताचा असतो. तिची बरणी मुद्दाम दिवाणखान्यात ठेवलेली असते, कारण पाहुण्याने "हे काय, मूग का?" असं विचारलं की बाबा बुडन यांची कथा लावता येते. सतराव्या शतकात हजहून परतताना त्यांनी येमेनमधल्या मोखा बंदरातून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरात लावल्या, ही आख्यायिका भट्टीवाले पूर्वरंग-उत्तररंगासह सांगतात. एकदा एका पाहुण्यांच्या मुलीने "म्हणजे चोरून?" असं विचारलं. तेव्हापासून कथेत बिया 'आणल्या' नसून 'मिळवल्या' आहेत.

भाजण्याचा दिवस रविवार. सुरुवात बिडाच्या कढईत झाली. एका हातात उलथणं, दुसऱ्या हातात लेसरचा थर्मामीटर, मांडीवर वही. साधारण 200 अंशांच्या आसपास बीच्या आतली वाफ दाब सोडते आणि बी तडकते. हा पहिला तडका, त्यांच्या भाषेत फर्स्ट क्रॅक. तो ऐकू येणं फार महत्त्वाचं, कारण पुढचा सगळा हिशेब तिथून सेकंदांत मोजायचा. म्हणून त्या वेळी घरात कोणी बोलायचं नाही, मिक्सर लावायचा नाही, पंखासुद्धा बंद. एका रविवारी नेमकी कुकरची शिट्टी झाली आणि फर्स्ट क्रॅक त्यात हरवला. भट्टीवाले संध्याकाळपर्यंत कोणाशी बोलले नाहीत. वरण-भात मात्र जेवले.

मग धूर. भाजताना बीवरचं पातळ साल सुटतं, ते जळतं, आणि सेकंड क्रॅककडे जावं तसा धूर निळसर होत जातो. पहिल्या महिन्यात वरच्या मजल्यावरून "तुमच्याकडे काही करपलंय का?" असा फोन यायचा. भट्टीवाले त्यावर करपणं आणि डार्क रोस्ट यांतला फरक समजावून सांगत. फोन बंद झाले. धूर कमी झाला म्हणून नव्हे.

सुटलेली सालं त्यांनी बाल्कनीत हेअर ड्रायरने उडवली, ती खालच्यांच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या परकरांवर जाऊन बसली. आता यासाठी पंखा बसवलेली परदेशी चाळण मागवणार, तेवढ्यात त्यांच्या आईंनी माळ्यावरून सूप काढून दिलं आणि दोन झटक्यांत सगळं पाखडून दाखवलं. "अडीचशे ग्रॅम घातले होतेस ना? मग हे दोनशे दहाच कसे?" भट्टीवाल्यांनी बीतल्या दहा-बारा टक्के पाण्याचा हिशेब मांडला. आई म्हणाल्या, "दाणे भाजले तरी घटतात, पण इतके नाही. दुकानदाराला विचार."

एवढं झाल्यावर कॉफी मिळते का? नाही. ताज्या भाजलेल्या बीतून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असतो, तिला चार दिवस विश्रांती हवी. आपण जाऊ तेव्हा एक कॉफी संपलेली असते आणि दुसरी विश्रांती घेत असते. कधी योग जुळलाच, तर दूध-साखरेविना, चहाच्या रंगाचं काहीतरी मिळतं. "जर्दाळू लागतोय?" असं विचारलं जातं. लागतोय म्हणावं. माझ्या मेहुण्याने एकदा साखर मागितली, तर भट्टीवाल्यांनी ती दिली, पण ज्या नजरेने दिली तिने ती कडू झाली. आणि स्वतःच्या घरात? आई त्याच सिलेक्शन 9 ची पूड पातेल्यात दुधाबरोबर उकळतात, वर जायफळ किसतात. भट्टीवाले त्या वेळी बाल्कनीत जाऊन उभे राहतात.

बाल्कनीचं आणखी एक प्रकरण आहे. मंगळुरूच्या गोदामांत पावसाळी वारं देऊन कॉफी फुगवतात, पिवळट करतात, तिला मान्सून्ड मलबार म्हणतात. शिडाच्या जहाजांतून युरोपला जाताना महिनोन्‌महिने दमट हवेत बीला जी चव यायची, ती अशी मुद्दाम आणतात. भट्टीवाल्यांनी जुलैत तोच प्रयोग कठड्याजवळ केला. मान्सून्ड कोथरूडला सुंदर हिरवी बुरशी आली.

त्यांचा खरा पराभव केला चौथ्या मजल्यावरच्या म्हैसूरच्या आजींनी. त्यांच्या माहेरी दर आठवड्याला कोळशाच्या शेगडीवर, हाताने फिरवायच्या डब्यात कॉफी भाजली जायची. पीबेरी आणि प्लांटेशन ए, अर्धी-अर्धी. भट्टीवाल्यांनी वही उघडून तपमान विचारलं. आजी म्हणाल्या, "वास आला की उतरवायचं." मिनिटं? "तेवढ्यात नळाला पाणी यायचं, कोण मोजणार?" वहीत त्या दिवसाचं पान कोरं आहे.

अलीकडे त्यांनी विजेवरचा ड्रम घेतला. एवढं महागाचं यंत्र आठवडाभर रिकामं बसतं हे आईंना पाहवेना. श्रावणाच्या आधी, भट्टीवाले ऑफिसला गेले असताना, त्यांनी त्यात थालीपिठाची भाजणी भाजून घेतली. जिरं जाळीतून गळतं म्हणून ते कढईत. तांदूळ, डाळी, धने सगळे ड्रममध्ये. "हात दुखत नाही बाई," असं त्यांनी माझ्या बायकोला जिन्यात सांगितलं, आणि वाटीभर पीठही दिलं.

पुढच्या गुरुवारी भट्टीवाल्यांनी आम्हांला आग्रहाने बोलावलं. या खेपेची कॉफी वेगळीच उतरली होती. "शेवटी एक मसालेदार छटा येते बघा. तिकडे सावलीच्या झाडांवर मिरीचे वेल चढवतात ना, त्याचा परिणाम. इतकी स्पष्ट मला पहिल्यांदाच सापडली." वहीत तसं लाल शाईने लिहिलंही होतं. माझ्या बायकोने माझ्या पायावर पाय दिला. आई आतून थालीपिठं घेऊन आल्या, ताटल्या ठेवल्या आणि म्हणाल्या, "आणखी हवी असेल ती छटा, तर पुढच्या वेळी धने जरा जास्त घालीन."