उंट तिरका, घोडा अडीच

घोडे आणि उंट एकाच जागी बघायचे तर नेकनूरच्या माणसाला नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेपर्यंत जावं लागतं. बुद्धिबळाच्या पटावर ते घरबसल्या मिळतात, पण पारख मात्र तिथेच चुकते. बाजारात दात बघितल्याशिवाय बैलाला हात न लावणारा गडी पटावरच्या घोड्यावर डोळे झाकून जीव टाकतो. घोडा मधल्या सोंगट्यांना न विचारता उडी मारतो, राजा-वजिराला एकदम कात्रीत धरतो. एवढ्यावर सगळे खूश, आमचे आबाही.

"आबा, उंट देऊन घोडा कशाला ठेवला?"

"घोड्याचा नेम नसतोय, गुरुजी!"

खरं आहे. बऱ्याचदा तो खेळणाऱ्यालाही नसतो.

सोंगट्या उठत गेल्या की हिशेब उघडा पडतो. मोकळ्या पटाच्या मधोमध उभा उंट १३ घरांवर नजर ठेवतो, कोपऱ्यातूनही ७. घोडा मधोमध ८ आणि कोपऱ्यात अवघी २. दोन्ही बाजूंना प्यादी पळायला लागली की उंट एका चालीत या टोकाचा त्या टोकाला; घोडा तोवर वळणंच घेतोय.

पट जवळ असेल तर मांडून बघा. घोडा ए५ वर, अगदी कडेला. त्याच ओळीत मधली दोन घरं सोडून उंट डी५ वर. घोड्याला जायला बी३, बी७, सी४ आणि सी६ ही चारच घरं, आणि चारही उंटाच्या माऱ्यात. अडीच घरांचा तोरा जागच्या जागी जिरतो.

१९७१ साली व्हँकुव्हरला बॉबी फिशरविरुद्धच्या सामन्यात मार्क तायमानोव्ह यांनी हे भोगलं. चौथ्या डावाच्या शेवटी फिशरकडे उंट, यांच्याकडे घोडा. चाल करायची पाळी येणं हीच शिक्षा होऊन बसली. घोड्याची आणखी एक खोड अशी की प्रत्येक उडीला त्याच्या घराचा रंग बदलतो. एखादी चाल नुसती वेळकाढूपणाची करून पाळी समोरच्याच्या गळ्यात घालणं त्याला साधत नाही. फिशरनं शेवटी उंटाचा बळी दिला आणि राजा प्यादी खात सुटला. सामना ६–० असा गेला.

म्हणून उंटाची पालखी काढायचंही कारण नाही. त्याला जन्मभर ३२च घरं दिसतात. कडेचं प्यादं शेवटच्या घराला टेकायला आलंय, जोडीला उंटही आहे, पण ते कोपऱ्यातलं घर उंटाच्या रंगाचं नाही. समोरचा राजा तिथे ठाण मांडून बसला की डाव बरोबरीत. आणि स्वतःचीच प्यादी उंटाच्या रंगावर अडकून पडली, तर तोही एक उंच प्यादंच. अशा तुंबलेल्या डावात घोडाच बरा, आबांचं तेवढं मान्य.

उंट आणि घोडा मिळून एकट्या राजावर मात करतात, बिनचूक खेळलं तर जास्तीत जास्त ३३ चालींत. २०१३ मध्ये जिनिव्हाला तेव्हाच्या महिला जगज्जेत्या आना उशेनिना यांना ते ५० चालींतही जमलं नाही. दोन घोड्यांना तर एकट्या राजावर जबरदस्तीनं मात करताच येत नाही. समोर एखादं प्यादं असेल तर मात्र कधीकधी येते. म्हणजे समोरचा पुरता कंगाल असला तर सुटतो, आणि गाठीशी एक प्यादं उरलं की गोत्यात येतो.