हलकं लिनक्स, जड संसार

घरच्या घरी गाणं रेकॉर्ड करायचं ठरवलेला गडी आधी माइक नाही, लिनक्स निवडतो. जुना लॅपटॉप, ४ जीबी रॅम, म्हणून ‘हलकं’च हवं. उबुंटू स्टुडिओ २००७ पासून आहे, पण २०.१० आवृत्तीत त्याने हलका एक्सएफसीई डेस्कटॉप सोडून केडीई प्लाझ्मा धरला. म्हणून तो बाद. मग एव्ही लिनक्स. मग कुणी सांगतं, डेबियनवर सगळं हाताने बसव.

बसवतो.

खरं दुखणं रॅमपेक्षा विलंबाचं असतं. ४८ किलोहर्ट्झला १,०२४ सॅम्पलचा बफर म्हणजे सुमारे २१ मिलिसेकंद. तान घेणाऱ्याला स्वतःचाच आवाज मागून येतो. बफर १२८ वर आणला की हा विलंब पावणेतीनच्या आत येतो, पण प्रोसेसरला धाप लागते आणि गाण्यात तडतड ऐकू येते. पूर्वी यासाठी वेगळा रिअल-टाइम कर्नल शोधावा लागे. वीसेक वर्षं उंबऱ्यावर ताटकळलेला त्याचा पॅच २०२४ मध्ये ६.१२ आवृत्तीबरोबर मुख्य कर्नलमध्ये आला. गड्याची एक सबब कमी झाली, एवढंच.

आता रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर आर्डर उघडून ठेवलंय आणि ऑडिओ सर्व्हर जॅक की पाइपवायर यावर रात्री सरताहेत. तानपुऱ्याचा ट्रॅक तयार आहे. गाण्याचं पुढच्या आवृत्तीनंतर बघू.