उंची जुळते, लांबी जुळत नाही

परदेशातल्या मुलाकडे तीन महिन्यांसाठी गेलेल्या मराठी आईवडिलांना ठरलेली कामं असतात: नातवंडं सांभाळणं, थालीपिठं लावणं आणि दुकानातल्या प्रत्येक किमतीला शंभरनं गुणून हळहळणं. श्टुटगार्टला गेलेल्या कोथरूडच्या एका काकांना त्यात आणखी एक काम लागलं. आगगाडीचे डबे पसंत करण्याचं.

निमित्त नातवाच्या पाचव्या वाढदिवसाचं. मुलानं मेर्कलिन कंपनीचा खेळण्यातल्या आगगाडीचा संच आणला होता. मेर्कलिनचं गाव गोपिंगेन. श्टुटगार्टहून ते पुण्याहून तळेगावइतकंच लांब. संचात एक इंजिन, मालगाडीचे तीन डबे आणि रुळांचं लंबगोल कडं होतं. काकांनी दोन फेऱ्या शांतपणे पाहिल्या.

"यात माणसं कुठायत?"

"बाबा, मालगाडी आहे ती."

"तेच म्हणतोय. पॅसेंजर नाही ती गाडी कसली?"

काकांनी तीस वर्षं डेक्कन क्वीननं पुणे-मुंबई अपडाउन केलं होतं. त्या तीस वर्षांत डब्याची लांबी किती, हा प्रश्न त्यांना एकदाही पडला नाही. खिडकी मिळाली की डबा चांगला, नाही मिळाली की वाईट. श्टुटगार्टला मात्र पहिल्या आठवड्यातच ते मिलिमीटरवर आले.

भानगड अशी आहे. या आकाराच्या गाड्या १:८७ या प्रमाणात बनवतात आणि त्यांच्या रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर असतं. जर्मनीतला एक्स्प्रेसचा नेहमीचा डबा २६.४ मीटर लांब. त्याला ८७ नं भागलं की ३०.३ सेंटीमीटर येतात. इथपर्यंत सातवीचं गणित. पण घरातलं वळण खऱ्या रुळांसारखं किलोमीटरभर पसरत नाही, ते जेवणाच्या टेबलावर मावावं लागतं. मेर्कलिनच्या अशा संचातल्या वळणाची त्रिज्या ३६ सेंटीमीटर. त्यावर एवढा लांब डबा घातला, तर मधला भाग आत झुकतो आणि टोकं बाहेर लोंबतात. म्हणून कंपन्यांनी डबेच आखूड केले. उंची आणि रुंदी १:८७ चीच ठेवायची, फक्त लांबी मारायची. मेर्कलिनचे जुने पत्र्याचे डबे तर २४ सेंटीमीटरचे. हिशेब केला तर खऱ्या डब्याचे साडेपाच मीटर त्यात गायब!

आजचा मेर्कलिनचा असा डबा २८.२ सेंटीमीटरचा आहे. न्युर्नबर्गच्या फ्लाइशमानचं मापही तेच होतं. साल्झबुर्गची कंपनी मात्र पुरे ३०.३ देते, आणि तिच्या पंगतीला आणखीही काही आहेत. या साल्झबुर्गवाल्या कंपनीचं नाव रोको. उभ्या महाराष्ट्राला रेल्वेच्या संदर्भात हा शब्द एकाच अर्थानं ठाऊक आहे, त्यामुळे काकांनी ते नाव तीनदा वाचून घेतलं. १९६० साली ही कंपनी निघाली तेव्हा मुलांची वाळूत खेळायची खेळणी करत असे. मेर्कलिनची सुरुवात १८५९ ची, बाहुलीघरातल्या पत्र्याच्या वस्तूंपासून. म्हणजे एकीकडे वाळूचा किल्ला, दुसरीकडे भातुकली, आणि मधे कोथरूडचे काका पट्टी घेऊन उभे.

दोन डब्यांत फरक एकवीस मिलिमीटरांचा. पण त्याला ८७ नं गुणा, १.८ मीटरच्या वर येतं. सेकंड क्लासच्या त्या डब्यात बारा कंपार्टमेंट असत आणि प्रत्येकात सहा माणसं. म्हणजे आखूड डब्यात एक अख्खं कंपार्टमेंट आणि सहा प्रवासी कमी. खिडक्या बाराच दाखवतात, पण प्रत्येक जरा अंग चोरून बसलेली. काकांनी हे जेवताना सांगितलं, तेव्हा काकू म्हणाल्या, "अहो, त्यात काय? जरा सरकून घ्या म्हणायचं. आपल्याकडे चौथी सीट नसते का?"

काकांनी लांबीचं मिटवून पुढची पत्रिका मांडली. लग्नाच्या भाषेत सांगायचं तर गोत्राचा प्रश्न होता. मेर्कलिन तीन रुळांच्या घराण्यातली: वीज मधल्या टिकल्यांमधून येते आणि दोन्ही रूळ एकाच बाजूचे, म्हणून तिच्या डब्यांची चाकं एकमेकांपासून वेगळी केलेली नसतात. बाकीची बिरादरी दोन रुळांची. तिथं मेर्कलिनचा डबा तसाच ठेवला की शॉर्ट सर्किट. चाकांचे आस बदलून दिले तर सोयरीक जमते. डबे जोडायच्या हुकाचं म्हणाल, तर त्याची खोबण आता प्रमाणित आहे, तिथं मानपानाचा प्रश्न येत नाही. चांगले डबे आणखी एक करामत करतात: वळणावर हुक आपोआप बाहेर सरकतो, सरळ रुळावर परत आत जातो आणि दोन डबे एकमेकांना चिकटून धावतात.

रविवारी जुन्या खेळण्यांचा बाजार भरला होता. तिथल्या एका म्हाताऱ्या दुकानदारानं काकांच्या हातात एक चंदेरी डबा ठेवला. जर्मन लोक त्याला झिल्बरलिंग म्हणतात. खरा डबा स्टेनलेस स्टीलचा, आणि खिडक्यांखाली गोल गोल घासून मोराच्या पिसाऱ्यावरच्या डोळ्यांची नक्षी काढलेली. दुकानदारानं डबा उलटा करून एका बोटानं चाक फिरवलं. ते फिरतच राहिलं. काकांनी भिंग लावून नक्षी न्याहाळली. प्रत्येक कंपनीचे डोळे निराळे: कुणाचे ठळक, कुणाचे पुसट.

"हा तर आपला पोह्यांचा डबा," काकू म्हणाल्या.

दुकानदाराला मराठी कळलं नसावं, पण त्यानं एकच प्रश्न विचारला: घरी वळण किती? काकांनी ३६ सांगितलं. त्यानं ३०.३ चा डबा उचलून पाठीमागे ठेवला आणि २८.२ चे चार पुढे सरकवले. काकांच्या मते एवढ्या झटपट तर लग्नाच्या बैठकीतही नकार येत नाही.

इथं थांबायला हवं होतं. पण शेजारच्या टेबलावर ऱ्हाइनगोल्ड गाडीचा घुमटाचा डबा होता, वर काचेचा फुगवटा, आत छोट्या खुर्च्या. जर्मन रेल्वेनं हे डबे १९६२ पासून वापरले आणि सगळे मिळून बनवले पाचच. काका विरघळले. डबा पुऱ्या लांबीचा होता. कुठल्या कंपनीचा, ते सांगण्यात अर्थ नाही, कारण दोष त्याचा नव्हता. पहिल्याच वळणावर त्याच्या टोकानं बुटांच्या खोक्याचा बोगदा जागेवरून हलवला. दुसऱ्या वळणावर पाण्याचा पेला पडला. तिसरी फेरी मुलानं होऊ दिली नाही.

आखूड चार डबे आता नातवाच्या गाडीला आहेत आणि एकदाही रुळावरून उतरले नाहीत. घुमटाचा डबा कोथरूडला आला. टीव्हीच्या कपाटावर नव्वद सेंटीमीटर सरळ जागा आहे, तिथं तो उभा असतो.