परातीतली पाखरं

मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला आणि नेमाप्रमाणे वीज गेली. ऑक्टोबर २०२३ मध्ये आमचं सौसर छिंदवाड्यातून निघून नव्या पांढुर्णा जिल्ह्यात गेलं. पाट्या बदलल्या, पण बोरगावात पहिल्या पावसाला दिवे जायचे ते जातातच. आठच्या सुमारास आले. आले तशी ओसरीतल्या बल्बाभोवती उधळीची पाखरं जमली. लांब पंखांची, तपकिरी, कुठंही चिकटणारी. वरणात पडतात, मानेवरून पाठीत शिरतात.

"परात ठेवली का वं?" कुंपणापलीकडून काकूंचा आवाज आला.

"आमच्या परातीत कणीक आहे, काकू."

"थांब, माही देतो."

तारेच्या कुंपणावरचा दोडक्याचा वेल बाजूला सारून जर्मनची जुनी परात आली. बल्बाखाली ठेवली, तांब्याभर पाणी ओतलं. पाण्यात उजेड दिसतो, पाखरं त्यावर झेपावतात आणि बुडतात. पाच मिनिटांत पाणी दिसेनासं झालं. दोघी कुंपणाला टेकून पाहत राहिलो. घरात जायला दोघींनाही कारण नव्हतं.

"आमचा पोट्टा काय म्हणते ठावं हाय का तुले?" काकू म्हणाल्या. पोट्टा म्हणजे सिंगापूरला कंप्युटरमध्ये असलेला भाचा. "काल फोनवर सांगून राह्यला, तिकडं सरकारनं किडे खायची परवानगी देली म्हने. मी म्हटलं, बह्याड झाला का? भूक लागली तर पैसे धाडतो बापा, पन असं काही खाऊ नोको."

भाचा खोटं बोलत नव्हता. जुलै २०२४ मध्ये सिंगापूरनं सोळा जातींचे किडे खाण्यासाठी विकायला मोकळीक दिली. मी यादी सांगितली, म्हणजे आठवेल तेवढी: झिंगूर, नाकतोडे, टोळ, पिठातल्या अळ्यांच्या एकदोन जाती, रेशमाचा किडा, हुमणीच्या गोतातली एक अळी.

"हुमणी?" काकू उसळल्या. "मंग त्याईले म्हना या बोरगावले. आमच्या वावरातून पोतं भरून नेजा, वरून दहा रुपये देतो."

"झुरळ नाही हं त्या यादीत."

"झुरळाची बी काही इज्जत हाय म्हनायची."

काकू माळकरी. कांदा-लसूण चालतो, पण चातुर्मासात तोही नाही. त्यांच्याशी या विषयावर बोलणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं, हे ठाऊक असूनही मला चेव आला. त्यांच्या अंगणातच उंबर आहे, त्याखाली दत्ताच्या पादुका. लहानपणी आम्ही सगळ्यांनी तिथली उंबरं खाल्ली. फोडून पाहू नये, तशीच तोंडात टाकावी, असं मोठी माणसं सांगत. फोडलं की आत बारीक पंखवाले किडे. उंबराच्या कुळाचं फूल फळाच्या आतच असतं आणि ते फळवायला तो किडा आत शिरावाच लागतो. म्हणजे काकूंनी सत्तर वर्षांत किती खाल्ले, मोजदाद नाही.

"ते देवाच्या झाडाचे," काकू म्हणाल्या. एवढंच.

मग मी पिठावर आले. आपण सोंडे पाखडतो, रवा चाळतो, तांदळातली जाळी काढतो आणि समजतो की झालं. अमेरिकेच्या सरकारचा हिशेबच आहे: ५० ग्रॅम गव्हाच्या पिठात किड्यांचे सरासरी ७५ किंवा जास्त तुकडे निघाले तर कारवाई. शेंगदाण्याच्या लोण्यात १०० ग्रॅमला ३०. त्याच्या आत असलं तर माल बाजारात जातो.

"तुकडे मोजते कोन?" काकूंनी विचारलं. "सरकारी नोकरी हाय का ते? आमच्या पोट्टीले सांग, दोन वर्षं झाले अर्ज भरून राह्यली."

मध झाला. मध म्हणजे माशीनं पोटात आणलेला, तोंडातून तोंडात दिलेला फुलांचा रस. काकू सत्यनारायणाच्या पंचामृतात तो घालतात. रेशीमही झालं. त्यांच्या सोवळ्याच्या कदासाठी कोष उकळतात, आतल्या किड्यासकट. आसामात एरी रेशमाचा कोष मोकळा केला की आतला किडा टाकत नाहीत, भाजून खातात, तिथं ते चांगलं जेवण. यावर काकूंनी कुंपणावरचा एक दोडका तोडला आणि माझ्या हातात दिला. म्हणजे पुढं बोल.

पुढं संत्री. हे मला जरा जपून बोलावं लागलं, कारण आमच्याकडं निम्म्या घरांची चूल आंबिया आणि मृग बहारावर पेटते. संत्र्यावर चकाकी येते ती मेणाची. ताज्या फळाला मधमाशीचं मेण, कार्नौबा नावाच्या ताडाच्या पानावरचं मेण किंवा लाखेचं मेण लावायला आपल्या कायद्यानं परवानगी दिली आहे, लेबलवर तसं लिहायचं. आता लाख म्हणजे काय? आपल्याच पळसाच्या, बोरीच्या, कुसुमाच्या फांदीला चिकटून बसणारा कुंकवाएवढा किडा, तो अंगातून जी राळ सोडतो ती. रांचीला १९२४ साली या एका किड्यासाठी संशोधन संस्था उभी राहिली. औषधाच्या गोळीचा चकचकीतपणा, चॉकलेटची झिलई, बाजारातल्या बांगड्या, सगळीकडं तोच.

"म्हंजे संत्र्यावर किड्याची थुंकी."

"तसं म्हणा."

"पन आपन साल काढून खातो न वं?"

इथं मी हरले. काकू शाळा चौथी शिकल्यात, पण वकील व्हायला हव्या होत्या.

तेवढ्यात पलीकडच्या वहिनी फाटकाशी आल्या, कोंबड्या खुराड्यात गेल्या का पाहायला. विषय कळल्यावर "ई!" करून तोंडाला पदर लावला. या वहिनी नागपूरला गेल्या की सावजीत झिंग्यांची भाजी मागवतात, तर्री वरपून खातात, आणि घाम पुसत पुन्हा मागवतात. झिंगा आणि नाकतोडा एकाच गोतातले: हाडं आत नाहीत, कवच बाहेर, पायांना सांधे. एक पाण्यात राहिला, एक गवतात. ज्याला झिंगे खाऊन अंगावर गांधी उठतात त्यानं नाकतोड्यापासूनही दूर राहावं, इतकं जवळचं नातं. वहिनी म्हणाल्या, "झिंग्याची गोष्टच वेगळी," आणि गेल्या. त्यांच्या घरात सध्या सून आणि सासू एकमेकींशी बोलत नाहीत, ती हकिगत काकूंनी मला यानंतर सांगितली. ती इथं लिहिता येत नाही.

मूळ विषयावर परत आलो ते काकूंनी स्वतःहून काढलेल्या गोष्टीमुळं. मला वाटलं नव्हतं.

"माहे मोठे दीर भामरागडले मास्तर होते," त्या म्हणाल्या. "गडचिरोलीच्या त्या टोकाले. तिथं माडिया लोकं. पयल्या वर्षी दिवाळीले आले तं सांगे, मी मुंग्याची चटनी खाल्ली. लाल मुंग्या. झाडावर पानं शिवून घर करते न त्या? पूरा खोपा काढते, फडक्यात झटकते, मुंग्या अन् त्याईचे पांढरे अंडे, संगं मिरची, मीठ. पाट्यावर वाटते. आंबट लागते म्हने, लिंबासारखी."

"मग?"

"मंग काय, जाऊबाईनं सहा महिने त्यायच्या ताटात आपलं ताट ठेवलं नाई."

दीर खरं सांगत होते. त्या मुंगीच्या अंगात आम्ल असतं, चावल्यावर झोंबतं तेच चटणीत आंबट लागतं. घर बांधायची तिची तऱ्हा तर ऐकण्यासारखी आहे. कामकरी मुंग्या साखळी करून दोन पानांच्या कडा जवळ ओढतात, आणि दुसऱ्या मुंग्या स्वतःच्या अळ्या तोंडात धरून या कडेवरून त्या कडेवर फिरवतात. अळीच्या तोंडातून चिकट रेशीम निघतं, त्यानं पानं शिवली जातात. लेकरू हीच सुई आणि लेकरू हाच दोरा. बस्तरच्या बाजारात पानाच्या दोन्यात हीच मुंगी 'चापडा' म्हणून विकतात. ओडिशातल्या मयूरभंजच्या लोकांनी तर त्यांच्या 'काई' चटणीला जानेवारी २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळवलं. आपल्या नागपुरी संत्र्याला २०१४ साली मिळालं, तेच. कागदावर संत्रं आणि मुंगी आता एका पंगतीला.

काकूंना हे मानांकन प्रकरण पटलं नाही. पण त्या म्हणाल्या, "दीर सत्त्याऐंशी वर्षं जगले. जाऊबाई पासष्टीले गेली." आणि गप्प बसल्या.

परातीत आता थर झाला होता. मी म्हटलं, "आफ्रिकेत युगांडा-केनियाकडं हीच पाखरं अशीच धरतात, दिव्याखाली पाण्याचं भांडं ठेवून. फरक एवढाच, ते पाणी फेकतात आणि पाखरं ठेवतात. पंख झाडतात, मीठ घालून भाजतात. तेल लागत नाही, त्यांचंच सुटतं."

काकूंनी परातीकडं पाहिलं. मला वाटलं आता शिवी येते. त्या म्हणाल्या, "पांढुर्ण्याच्या गोटमारीत डोकं फोडून घेनारे मानसं पाह्यले म्या. जाम नदी लाल होते. तेच मानसं भाजीत अळी निघाली का ताट फेकते. भेव कायचं हाय, तेच समजत नाई."

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न संघटनेनं २०१३ साली या विषयावर जाडजूड अहवाल काढला. जगात सुमारे दोनशे कोटी माणसांच्या जेवणात किडे आहेत, एकोणीसशेहून जास्त जाती खाल्ल्या जातात. गाईचं वजन एक किलो वाढायला आठ किलो चारा-खाद्य लागतं, किड्याचं वाढायला दोन किलो. म्हणून ते सांगतात, डब्यांत पाळा, पीठ करा. काकूंना हा हिशेब अपमानास्पद वाटला. "आमची गाय खाते तं शेन देते. झिंगूर देईन का शेन?" मी सांगितलं, देतो, त्यांची विष्ठा खत म्हणून विकतात. काकू म्हणाल्या, "जाऊ दे."

मला स्वतःला विचाराल तर किळस फारशी नाही. भाजलेलं, मीठ लावलेलं, डोळे मिटून एक खाऊन पाहीन. मला भीती दुसरीच आहे, आणि ती मे २०२० पासूनची. टोळधाड आली होती, मोर्शी-वरुडकडून काटोलपर्यंत. आम्ही सगळे संत्र्याच्या बागांत थाळ्या बडवत होतो. कोरोनानं थाळ्या बडवायची सवय नुकतीच लागली होती. त्याच सुमारास पाकिस्तानात ओकाडा जिल्ह्यात दोघा जणांनी वेगळी युक्ती काढली. टोळ रात्री झाडावर निपचित बसतो, तेव्हा पोत्यात भरायचा, किलोला वीस रुपये, पुढं तो कोंबड्यांच्या खाद्यात. गावकरी रात्रभर धरत होते. अट एकच होती: जिथं औषध मारलेलं नाही तिथलेच टोळ.

आपल्याकडं रात्रीतून अग्निशमनच्या बंबांनी फवारा मारला. सकाळी झाडाखाली खच. एकाही कोंबडीला जाऊ दिलं नाही.

आमची कपाशीच घ्या. बीटी बियाणं २००२ साली आलं तेव्हा सांगत होते, आता बोंडअळीचं नाव नाही. २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं विदर्भ धुऊन नेला. डोमकळ्या दिसायला लागल्या तेव्हा बोंडं आतून पोकळ होती. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले. फवारा मारणारा माणूस मेला, मग ज्या अळीवर मारला ती कोण खाणार? आमच्या दीड एकरात मागच्या साली पाच फवारण्या झाल्या. कामगंध सापळे लावले, तरी पाच. संत्र्यावर कोळशी आली की वेगळं. वावरात नाकतोडा धरायला गेले तर मिळेल, पण त्याच्या पोटात काय काय असेल हे औषधाच्या दुकानदारालाच विचारावं लागेल.

माडियांची मुंगी खाता येते, कारण त्या झाडावर कुणी पाठीवर पंप घेऊन गेलेलं नाही.

हे मी काकूंना असंच सांगितलं. त्यांनी ऐकलं, पण उत्तर भलत्याच गोष्टीला दिलं. "आमच्या सासूच्या येळी," त्या म्हणाल्या, "मिरगाचा लाल किडा दिसला का पोट्टे काडेपेटीत ठेवत. मखमलीवानी. अंगनात शंभर राहे. यंदा पाह्यला का तू?"

मी नाही पाहिला. मागच्या वर्षीही नाही.

"झोप आता," काकू म्हणाल्या. "परात सकाळी दे."

सकाळी उठून पाहिलं तर परातीत पाणी होतं आणि पाण्यावर नुसते पंख. वहिनींच्या कोंबड्या पहाटेच कुंपणाखालून येऊन गेल्या होत्या. परात घासून ठेवली आहे, आज दुपारी काकूंना नेऊन द्यायची.