कोमोडो ड्रॅगनसाहेबांस अनावृत पत्र

पॉगचॅम्प पदावरील कोमोडो ड्रॅगनसाहेब यांस,
सा. न. वि. वि.

फेब्रुवारी २०२१ मध्ये व्हिडिओ गेमचे थेट प्रक्षेपण दाखवणाऱ्या ट्विचच्या प्रेक्षकांनी मतदान करून आपली ‘पॉगचॅम्प’ या इमोटच्या, म्हणजे चॅटमध्ये टाकायच्या छोट्या चित्राच्या, पदावर निवड केली. उशिरा का होईना, अभिनंदन. खेळाडूने अशक्य वाटणारी खेळी केली की चॅटमध्ये आ वासायचा, एवढेच या पदाचे काम. इंडोनेशियातल्या बेटावर हरणाची वाट बघत पडून राहणाऱ्यांना ते जड जाऊ नये.

आपल्याआधी या खुर्चीवर माणूस होता. रायन गुटिएरेझ ऊर्फ गूटेक्स, ‘स्ट्रीट फायटर’चा खेळाडू. कॅमेऱ्यासमोर एकदा त्याचा चेहरा चमत्कारिक झाला आणि पुढे तोच जगभरच्या चॅटचा अचंबा ठरला. पदाचे नाव आणखी लांबून आले: हवाई बेटांवरचे पॅशनफ्रूट, संत्रे आणि पेरू यांचे ‘पॉग’ पेय, त्याच्या बाटल्यांच्या बुचांनी मुले खेळत तो ‘पॉग्ज’चा खेळ, आणि त्या खेळावर बेतलेली एका जॉयस्टिकची जाहिरात. इतकी रसाळ वंशावळ एखाद्या इनामदारालाही सांगता येणार नाही.

६ जानेवारी २०२१ रोजी वॉशिंग्टनमध्ये जमाव कॅपिटॉलवर चालून गेला. त्याच रात्री ट्विचने गूटेक्सचा चेहरा उतरवला. त्या घटनेनंतरची त्याची विधाने हिंसाचाराला प्रोत्साहन देणारी आहेत, हे कारण दिले.

मग दर २४ तासांनी नवा चेहरा, अशी व्यवस्था झाली. कल्पना उदार होती, प्रेक्षक तितके निघाले नाहीत. क्रिटिकल बार्ड हा कृष्णवर्णीय स्ट्रीमर दिवसभराचा पॉगचॅम्प झाला आणि त्याच्यावर वर्णद्वेषी शिव्यांचा पाऊस पडला. चॅटला उघडे तोंड हवे होते. त्या तोंडाला रंग आणि मालक असतो, हे मात्र खपले नाही. आपली निवड त्यानंतरची आहे, ड्रॅगनसाहेब. फार हुरळून जाऊ नये.

चेहरा लोकांच्या विनोदाला देण्याच्या या धंद्यात खरी टिकतात ती जपानी अ‍ॅनिमेतली मंडळी. १९९१ च्या ‘फायबर्ड’ मालिकेतला यंत्रमानव फुलपाखराकडे हात करून ‘हे कबूतर आहे का?’ असे विचारतो. लोकांनी त्याच्या तोंडी जगातले झाडून सारे गैरसमज घातले, त्याने हूं की चूं केले नाही. ‘ड्रॅगन बॉल झी’मधला वेजिटा प्रतिस्पर्ध्याची ताकद जपानीत ८००० च्या वर म्हणाला, इंग्रजी डबिंगने ९००० केले आणि मीमने तोच आकडा उचलला. वेजिटाचा खुलासा अद्याप आलेला नाही.

चॅटमधला उपरोधाचा राखाडी चेहरा, ‘कप्पा’ हा इमोट, मात्र अजून माणसाचाच आहे. ट्विच ज्यातून निघाले त्या जस्टिन.टीव्हीचा कर्मचारी जॉश डिसेनो याचा तो फोटो, नाव जपानी लोककथेतल्या जलचराचे. या पत्राच्या प्रत्येक परिच्छेदाखाली तो लावून वाचावा.

आपणास एकच विनंती: समाजमाध्यमावर खाते उघडू नये.

कळावे,
चॅटमधले प्रेक्षक

ता. क. : आपल्या निवडीनंतर सात महिन्यांनी, सप्टेंबर २०२१ मध्ये, आययूसीएन या निसर्ग संवर्धन संघटनेने कोमोडो ड्रॅगनची नोंद ‘असुरक्षित’ वर्गातून ‘संकटग्रस्त’ वर्गात हलवली.